जत्रा आली, अन् ऊसही तुटायचा आहे!



मार्गशीर्ष निम्मा सरला की आमच्या गट ऑफिसात दोन तऱ्हेचे सभासद येऊ लागतात. पहिला म्हणतो, "साहेब, आमची तोड कधी?" दुसरा म्हणतो, "साहेब, जत्रेच्या आठवड्यात तेवढी आमची तोड धरू नका." गंमत अशी की पुष्कळदा हे दोन्ही सभासद म्हणजे एकच गृहस्थ असतात! सोमवारी येऊन तोड मागतात आणि गुरुवारी येऊन तीच पुढे ढकला म्हणतात. कारण विचारले तर डोक्यावरची टोपी जराशी मागे सारून हसतात. "जत्रा हाय नव्हं. लेकी आल्यात, जावई आल्यात. पोरंबाळं घेऊन जायाचं म्हणतोय."

आम्ही वहीत तारीख खोडतो, चिटबॉयला हाक मारतो आणि आम्हीही हसतो. शेतकी पदविका घेऊन आम्ही या नोकरीत आलो असलो, तरी त्याआधी आम्ही जत्रेतलेच पोर आहोत. लागण, खोडवा, पाचट, बेणे यांवर आम्ही याच पानांतून पुष्कळ लिहिले. या वेळी जरा जत्रेविषयी लिहावे म्हणतो.

आपला मुलूखच जत्रेचा

आपल्या सातारा जिल्ह्याएवढे जत्रांचे वैभव क्वचितच कुठे असेल. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. त्याच महिन्याच्या अखेरीस पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो आणि भाविक त्याला नोटांच्या माळांनी मढवून टाकतात. पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा आणि म्हाळसेचे लग्न लागते, तेव्हा तारळी नदीचे वाळवंट भंडाऱ्याने पिवळेधमक होते. रंगपंचमीला वाई तालुक्यात बावधनचे बगाड. कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून ते बैल ओढत गावात आणतात आणि दर थोड्या अंतरावर ताज्या दमाचे बैल जुंपतात. चैत्रात शिखर शिंगणापूर. सासवडहून आलेली भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाट चढते, तेव्हा बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. शेजारी कोल्हापूरच्या जोतिबावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात. ही झाली मोठी नावे. याशिवाय गावोगावच्या भैरोबाच्या, जानुबाईच्या, मरीआईच्या जत्रा वेगळ्याच.

आणि हे सर्व नेमके कधी? तर बहुतेक आपल्या गळिताच्या हंगामात! पूर्वीच्या माणसांनी पंचांग केले तेव्हा साखर कारखाने नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. खरीप घरात आलेले, रब्बीची पेर झालेली, हातात चार पैसे आणि अंगाला गार वारा. जत्रेला याहून बरा काळ कोणता? ऊस नंतर आला आणि त्याने जत्रेच्या दिवसांतच आपली जागा मागितली.

१९८९ सालची जत्रा

आम्ही पाचवीत होतो. १९८९ साल संपत आले होते. पुसेगावच्या जत्रेला जायचे ठरले आणि घरात दोन दिवस झोप कोणाला ठाऊक नव्हती. आईने दशम्या केल्या, लसणाची चटणी कुटली, शेंगदाण्याची पोळी फडक्यात बांधली. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. त्यांनी गाडीत कडबा पसरला, वर घोंगडी टाकली. आजी, आई, थोरली अक्का, आम्ही आणि धाकटा भाऊ, एवढी माणसे मध्यरात्री गाडीत बसलो.

आमची जोडी खिलार. एक हौशा, एक पाखऱ्या. हौशा सरळमार्गी, पाखऱ्या जरा तापट. त्या रात्री आण्णांनी त्यांना धुऊन-पुसून घेतले होते, शिंगे हिंगुळाने रंगवली होती, गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या होत्या. आम्हांला वाटले, जत्रेला जायचे म्हणून ही सजावट. आईने मात्र निघताना दोघांच्या कपाळाला हळदकुंकू लावले आणि भाकरीचा एकेक घास त्यांच्या तोंडात दिला. बैलपोळ्याखेरीज तिने असे केलेले आम्ही पाहिले नव्हते. पण दहा वर्षांच्या पोराला एवढे कुठले कळते? आमचे सारे ध्यान पाळण्याकडे.

पहाटे जत्रेचे दिवे दिसले. दूरवरून कर्ण्याचा आवाज, गूळ-तेलाचा वास, धूळ आणि माणसांचा गलबला. समाधीचे दर्शन झाले, रथावर खोबरे उधळून झाले आणि मग आण्णांनी आम्हांला हवे ते दिले. हे विशेष होते. एरवी आण्णा म्हणजे पैशाला गाठ मारणारा माणूस. त्या दिवशी पाळण्यात एकदा नव्हे, तीनदा बसवले. जिलबी खाऊ घातली. मौत का कुआँ दाखवला. लाकडी फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकल भिंतीवरून फिरायला लागली तशी आजी डोळे मिटून "सेवागिरी बाबा, वाचीव रं त्या लेकराला" म्हणत राहिली आणि खेळ संपेपर्यंत तिने डोळे उघडलेच नाहीत! अक्काला कासाराकडून हिरव्या बांगड्या, धाकट्याला भिरभिरे, आम्हांला पत्र्याची पिपाणी. आईसाठी स्टीलचा डबा. तो डबा आजही आमच्या घरी मिठासाठी वापरात आहे.

मग फोटो. पडद्यावर विमान रंगवलेले, त्याच्या खिडकीला भोक पाडलेले. आम्ही दोघे भाऊ त्या विमानात बसलो, अक्का आणि आई बाजूला उभ्या, आजी खुर्चीत. फोटोवाला आण्णांना म्हणाला, "पाव्हणं, जरा हसा की!" आण्णा हसले नाहीत.

दुपारी आण्णा म्हणाले, "मी जरा बैलबाजारात जाऊन येतो." आम्ही पिपाणी वाजवत त्यांच्या मागे गेलो. पुसेगावचा खिलार जनावरांचा बाजार तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. पांढऱ्याशुभ्र बैलांच्या रांगाच्या रांगा, मागे वळलेली लांब शिंगे, वैरणीचे भारे, हेडी लोकांची ये-जा. आमच्या जोडीभोवती चार माणसे उभी होती. कोणी दात बघत होते, कोणी पाठीवर हात फिरवत होते. मग एका हेड्याने खांद्यावरचा रुमाल काढला, आण्णांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली दोघांची बोटे बोलू लागली. आण्णांनी मान हलवली. पुन्हा बोटे. पुन्हा मान. तिसऱ्यांदा आण्णांनी मान हलवली नाही.

येताना आम्ही एस्टीने आलो. आम्ही आण्णांना विचारले, "हौशा-पाखऱ्या कधी येणार?" ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्यांची नोकरी लागली रं दुसऱ्या गावाला." आईने आमच्या तोंडातली पिपाणी हळूच काढून पिशवीत टाकली.

खरी गोष्ट पुढे काही वर्षांनी कळली. आमच्या शिवारात पाण्याची स्कीम होत होती. पाईपलाईनमध्ये हिस्सा घालायचा तर रोख रक्कम हवी होती, आणि त्याच बरोबर या कारखान्याचा शेअर घ्यायचा होता. जिरायत रानात किती दिवस ज्वारी-बाजरी करायची? पाणी आले तर ऊस होईल, ऊस झाला तर तो न्यायला कारखाना हवा, म्हणून शेअर हवा. असा आण्णांचा हिशेब. त्यासाठी घरात विकण्याजोगे होते ते एवढेच. बैल विकायचे तर पोरांना जत्रा दाखवून विकू, असे त्यांनी आईला सांगितले होते म्हणे. जोडी किती रुपयांना गेली, हे मात्र आम्हांला आजतागायत कळलेले नाही. तो आकडा रुमालाखालीच राहिला.

आमच्या घरी भिंतीवर दोन चौकटी शेजारीशेजारी आहेत. एकात विमानातला फोटो. दुसऱ्यात या कारखान्याचा शेअरचा दाखला. पाहुण्यांना दोन्हींचा संबंध समजत नाही. आम्हांला समजतो. सभासद बंधूंनो, तुमच्याही घरच्या दाखल्यामागे असेच काहीतरी असणार. कोणाच्या आईची पाटली, कोणाची म्हैस, कोणाचे चुलत्याकडून घेतलेले उसने. म्हणून हा कागद कपाटात घडी करून ठेवू नका. तो पोरांना दाखवा आणि त्याची गोष्ट सांगा.

जत्रा बदलली, बैलही बदलले

त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही जत्रेत गेलो की आधी बैलबाजारात जाऊन पाखऱ्याला शोधत असू. त्याच्या उजव्या कानाला चीर होती. नोकरीला लागल्यावरसुद्धा केनयार्डात टायरगाड्यांची रांग दिसली की नजर आपोआप बैलांच्या कानांकडे जायची. तोवर पाखऱ्या हयात असणे शक्य नव्हते, हे आम्हांलाही ठाऊक होते.

आता बैलच कमी झाले. ट्रॅक्टर आला, घरोघरची जोडी गेली. शर्यतींचेही तसेच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. पुढे २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून चांगल्या खिलार खोंडाला पुन्हा मोल आले, ही समाधानाची गोष्ट. मात्र नियम नियमच. बैलाला काठी-चाबूक नको, टोचणी नको, शेपूट पिरगाळणे नको. ज्या जनावराच्या जिवावर आपली घरे उभी राहिली, त्याला मारून मिळवलेले बक्षीस कशाला हवे?

मध्ये २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे जत्रा भरल्या नाहीत. २०२२ साली लम्पी चर्मरोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तेव्हा जत्रा म्हणजे काय, ते आपल्याला कळले. देवाची पूजा पुजाऱ्याने केली, पण गाव सुने सुने वाटले. आमच्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, "देव हाय जाग्याव, पर लेकी न्हाईत आल्या. मग कसली जत्रा?" म्हातारी शाळेत गेलेली नाही, पण जत्रेची व्याख्या तिने बिनचूक केली.

कुस्त्यांचा फड अजून टिकून आहे, हे चांगले. सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, संध्याकाळी नामांकित मल्लांच्या. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे, आपल्याच मुलखातले. तुमचे पोर रेवडीसाठी लंगोट लावून आखाड्यात उतरत असेल तर त्याला अडवू नका. पडले तर माती लागेल, आणि माती आपल्याला नवी नाही.

ज्यांना जत्रा नाही

आता एक गोष्ट सांगतो आणि ती लक्षपूर्वक वाचावी अशी विनंती आहे.

मागच्या हंगामात एका गावच्या जत्रेत आम्ही सहकुटुंब गेलो होतो. कासाराच्या दुकानापुढे ऊसतोड टोळीतली एक बाई उभी होती. बीड जिल्ह्यातली. आमच्याच गटातली टोळी, म्हणून ओळख होती. कडेवर पोर, बोटाला धरलेली सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी बांगड्या मागत होती आणि आई भाव करत होती. आम्ही सहज विचारले, "काय बाई, तुमच्या गावची जत्रा केव्हा असते?"

ती म्हणाली, "असती की साहेब, ह्याच दिवसांत. पर आमी कवा तिथं असतो? दिवाळी झाली की घराला कुलूप. लगीन झाल्यापासून मी गावची जत्रा बघितली न्हाई. ह्या पोरीनं तर जल्मात न्हाई. तिला वाटतं, जत्रा म्हंजी हीच."

आम्हांला काय बोलावे ते सुचले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्या मुलीला डझनभर बांगड्या भरवल्या. आई नको नको म्हणत होती. पण डझनभर बांगड्यांनी काही फिटत नाही, हे आम्हीही जाणतो.

सभासद बंधूंनो, आपण आपल्या जत्रेसाठी तोड पुढेमागे करून घेतो. आपल्याला ती सोय आहे, आणि असावी. पण जो कोयता आपला ऊस तोडतो त्या कोयत्याला आपल्या गावची जत्रा नाही. पहाटे अंधारात फडात जायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. पोरे कोपीत नाहीतर बांधावर. म्हणून या वर्षी आमच्या गटातल्या काही सभासदांनी ठरवले आहे ते आम्हांला फार आवडले. जत्रेच्या दिवशी गावात टोळी असेल तर तिला दुपारनंतर मोकळीक द्यायची, आणि जेवायला टोळीतली दोन-चार घरे आपल्या पंगतीला बोलवायची. पुरणपोळीचे दोन घास जास्त लागतील. सबंध गावाच्या मटणात चार माणसे कुणाला जड होत नाहीत!

तोडीचा हिशेब

इथे आमच्यातला ऊस विकास अधिकारी जागा होतो, त्याला इलाज नाही.

जत्रेची सुट्टी घ्यायची तर ती तोडण्याआधी घ्या, तोडल्यावर नको. उभा ऊस दोन दिवस थांबतो, तुटलेला थांबत नाही. तोडलेल्या उसातले पाणी उडते, वजन घटते आणि त्यातली साखरही मोडू लागते. वजनात तोटा तुमचा, उताऱ्यात तोटा सगळ्यांचा. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, हे आमचे नेहमीचे सांगणे. म्हणून गावची जत्रा केव्हा आहे ते आठ दिवस आधी गट ऑफिसात कळवा. गावाने मिळून कळवले तर फारच उत्तम. तोडणी कार्यक्रम आधी बसवता येतो. ऐन वेळी रात्री फोन करून "साहेब, निम्मा फड तुटलाय, पर टोळी जत्रेला गेली" म्हणालात तर आम्ही तरी काय करणार? आम्हीही जत्रेतच असणार!

आणखी एक. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी ही सुरू लागणीची वेळ. जत्रेच्या गडबडीत बेणे तोडून ठेवले आणि ते चार दिवस उन्हात वाळले, असे होऊ देऊ नका. खोडव्याचे पाचट जाळू नका. जत्रेत दारूकाम पाहायला मिळते तेवढे पुरे, फडात नको.

ट्रॉली माणसांसाठी नाही

शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे.

आमच्या लहानपणी अख्खे घर बैलगाडीतून जत्रेला जायचे. आज तेच घर उसाच्या ट्रॉलीत बसून जाते. खाली पाचट, वर सतरंजी, त्यावर बायका-पोरे, आणि पुढे ट्रॅक्टरवर टेपरेकॉर्डर दणाणतोय. पाहायला मौज वाटते. पण बैलगाडी उलटली तर गुडघे फुटायचे. ट्रॉली उलटली तर काय होते, ते सांगायची गरज नाही. ट्रॉली मालासाठी आहे. त्यात माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या पैशालाही अडचण येते. गावाने मिळून एस्टीची गाडी मागवा, जीप करा, नाहीतर दोन खेपा करा.

तसेच जत्रेच्या रात्री रस्त्याने उसाच्या गाड्याही चालू असतात. मोटारसायकलवर बाप पुढे, टाकीवर पोर, मागे आई, तिच्या मांडीवर दुसरे. आणि समोर अंधारात बंद पडलेली, मागे दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली भरलेली ट्रॉली. मागच्या वर्षी आमच्या गटात असाच प्रसंग घडला. नशीब बलवत्तर म्हणून चौघेही वाचले, पण त्या घरचा सात वर्षांचा मुलगा तीन महिने पायाला प्लास्टर घेऊन पडून होता. त्याच्या हातातला जत्रेतला फुगा तेवढा फुटला नव्हता, असे त्याचे वडील आम्हांला सांगत होते. सांगताना त्यांचा आवाज फुटला.

म्हणून ट्रॅक्टरमालक सभासदांना हात जोडून विनंती. मागे लाल रिफ्लेक्टर, बाजूला पट्टी आणि बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगडांऐवजी दिसेल अशी खूण. बैलगाडीवानांनाही तेच. जुवाला आणि गाडीच्या मागे चकाकणारी पट्टी लावा. खर्च जत्रेतल्या एका पाळण्याएवढा, आणि त्यामुळे कोणाचे तरी पोर पाळण्यातून उतरून सुखरूप घरी येईल.

जाता जाता

आमचे आण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी पुसेगावला येतात. पाळणे, दुकाने यांकडे बघत नाहीत. देवदर्शन झाले की काठी टेकत थेट बैलबाजारात. कोणाच्या खोंडाच्या पाठीवरून हात फिरवतात, दात बघतात, "चांगलं हाय" म्हणतात आणि पुढे सरकतात. मागच्या वर्षी आमच्या लेकीने त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही बैल घेणार?" ते म्हणाले, "न्हाई गं बाळा. निस्तं बघतोय, कुणाचं बरं चाललंय का."

मग तिला घेऊन ते जिलबीच्या दुकानाकडे गेले. पैशाची गाठ त्यांनीच सोडली.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, जत्रेला जरूर जा, घरच्या साऱ्यांना घेऊन जा, लेकी-जावयांना बोलवा. ऊस आम्ही तोडून नेतोच. फक्त तारीख आठ दिवस आधी सांगा!

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी